महासागर व मध्य अक्षांशीय हवामान

दोन्ही गोलार्धांत सु. ३०° ते ६०° या अक्षवृत्तांच्या दरम्यान असलेल्या पट्ट्यांना मध्य अक्षांशीय प्रदेश म्हणतात. या पट्ट्यांत वर्षभर प्रायः पश्चिमेकडून पूर्वेकडे वारे वाहतात आणि त्यांच्याबरोबर चक्रवात व अपसारी चक्रवात एकामागून एक सरकत जातात. त्यामुळे येथील हवा दर तीन-चार दिवसांनी बदलते. दैनंदिन हवामानातील हे बदल मुख्यत्वे वातावरणाच्या अंतर्गत अस्थैर्यातून उद्‌भवतात. परंतु वादळांचे मार्ग कोठून जावेत, त्यांना बाष्प व उष्णता किती मिळावी आणि एखादा हिवाळा सौम्य जावा की कडक, यांवर महासागरांचा प्रभाव पडतो. हा प्रभाव किती व कोणत्या मार्गांनी पडतो, यावर ऋतुमानाचे पूर्वानुमान अवलंबून असल्याने शेती, मासेमारी, नौकानयन, पाणीपुरवठा व इंधनाचे नियोजन या दृष्टींनी हा विषय महत्त्वाचा ठरला आहे.

उष्णतेचा साठा : पृथ्वीच्या पृष्ठभागाचा सु. ७१ टक्के भाग महासागरांनी व्यापला आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता हवेच्या सु. चौपट असून त्याची घनताही हवेच्या शेकडो पट आहे. परिणामी समुद्राच्या केवळ वरच्या सु. २·५ मी. थराची उष्णता साठविण्याची क्षमता त्यावर असलेल्या संपूर्ण वातावरणाच्या स्तंभाइतकी भरते. जमीन उन्हाने लवकर तापते व लवकर निवते, कारण तिच्यात उष्णता फार खोलवर शिरत नाही. समुद्रात मात्र वारा व लाटा यांमुळे पाणी ढवळले जाऊन उष्णता खोलवर पसरते. म्हणून महासागर उन्हाळ्यात उष्णता साठवितात आणि हिवाळ्यात ती सावकाश हवेला परत देतात.

ही देवघेव मुख्यतः बाष्पीभवनातून होते. एक किग्रॅ. पाण्याची वाफ होण्यास सु. २५ लक्ष जूल उष्णता लागते. ती सुप्त स्वरूपात बाष्पाबरोबर वाहून नेली जाते आणि ढग बनताना, कित्येकदा हजारो किमी. अंतरावर, मुक्त होते. उत्तर अमेरिकेच्या अंतर्भागातील अतिथंड व कोरडी हवा हिवाळ्यात गल्फ प्रवाहाच्या उबदार पाण्यावर येते, तेव्हा समुद्रातून दर चौ. मी.मागे एक हजार वॉटपेक्षाही अधिक उष्णता बाहेर पडू शकते. आशिया खंडावरील थंड हवा जपानजवळील कुरोशिओ प्रवाहावर येते, तेव्हाही असेच घडते.

सागरी प्रवाह व वादळांचे मार्ग : गल्फ प्रवाह व कुरोशिओ हे दोन्ही प्रवाह महासागरांच्या पश्चिम कडांना लागून वाहतात. त्यांच्या उत्तर सीमेवर थोड्या अंतरात पाण्याचे तापमान झपाट्याने घटते. तापमानातील या तीव्र फरकामुळे त्यावरील हवेतही तसाच फरक टिकून राहतो आणि चक्रवातांच्या निर्मितीस अनुकूल परिस्थिती लाभते. नॉर्वेतील बर्गेन येथील वातावरणवैज्ञानिकांनी पहिल्या महायुद्धानंतर मांडलेल्या ध्रुवीय सीमापृष्ठाच्या सिद्धांतानुसार उष्ण व थंड वायुराशींच्या सीमेवर चक्रवात जन्मतात. फ्रेडरिक सँडर्स व जॉन ग्याकम यांनी १९८० मध्ये दाखवून दिले की, चोवीस तासांत ज्यांच्या केंद्रातील दाब सु. २४ मिलिबारने किंवा त्याहून अधिक घटतो, असे स्फोटक चक्रवात प्रामुख्याने हिवाळ्यात व या दोन उष्ण प्रवाहांच्या परिसरात आढळतात. समुद्राचा हा प्रभाव केवळ पृष्ठालगतच्या हवेपुरता मर्यादित नसतो. शोशिरो मिनोबे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गल्फ प्रवाहाच्या मार्गाला अनुसरून पावसाचा एक अरुंद पट्टा आढळतो आणि तेथील ऊर्ध्वगामी हवेचा परिणाम तपांबराच्या वरच्या भागापर्यंत पोहोचतो, असे दिसून आले.

यूरोपची ऊब व गल्फ प्रवाह : नॉर्वेतील बर्गेन हे शहर सु. ६०° उ. अक्षवृत्तावर असूनही तेथील जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या किंचित वर असते. अटलांटिकच्या पलीकडे लॅब्राडोरच्या किनाऱ्यावरील नेन हे गाव त्याच्याही दक्षिणेस असताना तेथील जानेवारीचे सरासरी तापमान −१५° से.च्या खाली जाते. या फरकाचे श्रेय अमेरिकन नौदल अधिकारी मॅथ्यू फाँटेन मॉरी यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या सागरी भूगोलावरील ग्रंथात गल्फ प्रवाहाला दिले आणि ही समजूत पाठ्यपुस्तकांतून सर्वत्र रूढ झाली.

वस्तुस्थिती यापेक्षा गुंतागुंतीची आहे. पॅसिफिकमध्येही असाच फरक आढळतो : रशियातील व्ह्‌लॅडिव्हस्टॉक ४३° उ. अक्षवृत्तावर असून तेथील हिवाळा कडाक्याचा असतो, तर ५७° उ. अक्षवृत्तावरील अलास्कातील सिट्‌का येथील हिवाळा पुष्कळच सौम्य असतो. मात्र सिट्‌कापर्यंत गल्फ प्रवाहासारखा जोरकस उष्ण प्रवाह पोहोचत नाही. रिचर्ड सीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये गणितीय प्रतिकृतींच्या आधारे असे दाखविले की, महासागराच्या दोन्ही काठांवरील फरकाची मुख्य कारणे दोन आहेत. पहिले म्हणजे समुद्राने उन्हाळ्यात साठविलेली उष्णता पश्चिमी वारे हिवाळ्यात पूर्व काठाकडे वाहून नेतात. दुसरे असे की, रॉकी पर्वताच्या अडथळ्यामुळे या वाऱ्यांना नागमोडी वळण लागते. त्यामुळे पूर्व अमेरिकेवर उत्तरेकडील थंड, तर पश्चिम यूरोपवर नैर्ऋत्येकडील उबदार हवा येते. सागरी प्रवाहांनी आणलेली उष्णता अटलांटिकच्या दोन्ही काठांना ऊब देते, पण त्या दोहोंमधील फरकात तिचा वाटा लहान असतो. तथापि यावरून प्रवाहांना महत्त्व नाही असे मात्र म्हणता येत नाही. अटलांटिकमध्ये पृष्ठावरील उबदार पाणी उत्तरेस जाते, तेथे थंड व जड होऊन बुडते आणि खोलवरून दक्षिणेस परतते. हे उभे अभिसरण सु. २६° उ. येथे दर सेकंदास १० लक्ष अब्ज जूलपेक्षा अधिक उष्णता उत्तरेकडे वाहून नेते. ते खंडित झाल्यास वायव्य यूरोपचे तापमान कित्येक अंशांनी उतरेल, असे प्रतिकृती दर्शवितात.

सागराची स्मृती : वातावरणाला आपली मागील स्थिती फार तर दोन-तीन आठवडे ‘आठवते’, महासागराची स्मृती महिने व वर्षे टिकते. समुद्राच्या पृष्ठालगतच्या, वाऱ्याने ढवळल्या जाणाऱ्या पाण्याला मिश्र थर म्हणतात. उन्हाळ्यात त्याची जाडी अवघी २०-३० मी. असते, हिवाळ्यातील वादळे व शीतलन यांमुळे ती शंभर मी.हून अधिक होते व लॅब्राडोर समुद्रात काही वर्षी एक हजार मी.च्याही पुढे जाते. हिवाळ्यात निर्माण झालेले तापमानाचे आधिक्य किंवा न्यूनता उन्हाळ्यात पृष्ठावरून नाहीशी होते, पण तप्त व पातळ थराखाली ती जशीच्या तशी दडून राहते आणि पुढील हिवाळ्यात थर पुन्हा जाड झाला की वर येते. जेरोम नामियास व रॉबर्ट बॉर्न यांनी १९७० च्या सुमारास ही घटना प्रथम निदर्शनास आणली.

कारण कोण, कार्य कोण : समुद्र व हवा परस्परांवर परिणाम करीत असल्याने कारण आणि कार्य वेगळे करणे अवघड जाते. याकोब बियर्कनेस यांनी १९६४ मध्ये अटलांटिकविषयी असे प्रतिपादन केले की, एका वर्षातून दुसऱ्या वर्षात होणारे समुद्राच्या तापमानातील बदल मुख्यतः वाऱ्यांमुळे होतात. अनेक दशकांच्या संथ बदलांत मात्र सागरी अभिसरणाचा वाटा मोठा असतो. क्लाउस हासेलमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १९७६ मध्ये याला गणितीय रूप दिले. रोजच्या वादळांचे यादृच्छिक धक्के समुद्र साठवीत जातो आणि त्यांतून कोणतेही बाह्य कारण नसताना मंद व दीर्घकालीन चढउतार निर्माण होतात, असा त्यांचा सिद्धांत आहे. त्यानुसार मध्य अक्षांशांत पुष्कळदा हवाच समुद्राला हाकते. या व जलवायुमानविषयक इतर कार्याबद्दल हासेलमान २०२१ च्या भौतिकीच्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी ठरले.

याचे ठळक उदाहरण ईशान्य पॅसिफिकमध्ये पाहावयास मिळाले. २०१३ च्या हिवाळ्यापासून तेथे उच्च दाबाचा एक पट्टा ठाण मांडून बसला. वादळे उत्तरेकडे वळल्याने समुद्र नेहमीप्रमाणे ढवळला गेला नाही व त्यातून उष्णताही कमी बाहेर पडली. परिणामी विस्तीर्ण क्षेत्रात पाण्याचे तापमान सरासरीपेक्षा २·५° से.हून अधिक वाढले. त्याच उच्च दाबामुळे कॅलिफोर्नियातील अवर्षण तीव्र झाले. म्हणजे उबदार समुद्र व अवर्षण ही दोन्ही एकाच वातावरणीय कारणाची कार्ये होती. पण समुद्रातील ही उष्णता २०१६ पर्यंत टिकली आणि सागरी पक्षी व मासे यांची मोठी हानी झाली. अलास्काच्या आखातातील कॉड माशांची संख्या इतकी घटली की, २०२० मध्ये तेथील संघीय अखत्यारीतील कॉडची मासेमारी बंद ठेवावी लागली.

उष्ण कटिबंधाचा दूरस्थ प्रभाव : मध्य अक्षांशांवर परिणाम करणारा सर्वांत प्रबळ सागरी घटक त्या पट्ट्याच्या बाहेर, विषुववृत्तीय पॅसिफिकमध्ये आहे. एल् निनोच्या काळात तेथील पाणी तापते, मेघगर्जनेसह होणाऱ्या पावसाचे क्षेत्र पूर्वेकडे सरकते आणि मुक्त झालेल्या सुप्त उष्णतेमुळे वरच्या वातावरणात हजारो किमी. लांबीच्या तरंगांची मालिका उत्तर अमेरिकेकडे पसरते. हा संबंध बियर्कनेस यांनी १९६६ व १९६९ मध्ये उलगडला. १९८२-८३ व १९९७-९८ या एल् निनोंच्या हिवाळ्यांत कॅलिफोर्नियात अतिवृष्टी झाली; परंतु तितक्याच प्रबळ अशा २०१५-१६ च्या एल् निनोत दक्षिण कॅलिफोर्नियाला अपेक्षित पाऊस मिळाला नाही. सागर हवामानाच्या शक्यता बदलतो, निश्चित फल ठरवीत नाही, हे यावरून स्पष्ट होते.

उत्तर अटलांटिक आंदोलन : अझोर्स बेटांजवळील उच्च दाब व आइसलँडजवळील न्यून दाब यांतील फरक कमीजास्त होत असतो, त्यास उत्तर अटलांटिक आंदोलन म्हणतात. फरक वाढला की पश्चिमी वारे बळावतात, उत्तर यूरोपात हिवाळा उबदार व पावसाळी, तर भूमध्य समुद्राच्या परिसरात तो कोरडा जातो. फरक घटला की याच्या उलट घडते. २००९-१० चा यूरोपातील कडक हिवाळा याच प्रकारचा होता. या आंदोलनास नाव देणारे गिल्बर्ट वॉकर हे १९०४ ते १९२४ या काळात भारतातील वेधशाळांचे महासंचालक होते. मॉन्सूनचे पूर्वानुमान करण्यासाठी त्यांनी जगभरच्या नोंदींतील सहसंबंध तपासले आणि त्यातूनच दक्षिणी, उत्तर अटलांटिक व उत्तर पॅसिफिक ही तीन आंदोलने पुढे आली.

भारताशी असलेला संबंध एवढ्यावरच संपत नाही. हिवाळ्यात पश्चिमी वाऱ्यांबरोबर भूमध्य समुद्राकडून येणारे पश्चिमी विक्षोभ हे मध्य अक्षांशीय हवामानाचेच भाग होत. काश्मीर व हिमाचल प्रदेशातील हिमवर्षाव आणि उत्तर भारतातील गव्हाला मिळणारा पाऊस त्यांच्यामुळेच पडतो. क्वचित त्यांचा प्रभाव दक्षिणेकडे पोहोचून अरबी समुद्र वा बंगालचा उपसागर यांवरील बाष्पाशी त्यांची गाठ पडते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाडा व विदर्भात, झालेल्या व्यापक गारपिटीत अशा परिस्थितीचा वाटा होता. तीत रब्बीची उभी पिके व फळबागा यांची अपरिमित हानी झाली.

दशकीय चढउतार : पॅसिफिक दशकीय आंदोलन ही संज्ञा १९९६ मध्ये स्टीव्हन हेअर यांनी अलास्कातील सॅमन माशांच्या उत्पादनाचा अभ्यास करताना योजली. १९७६-७७ मध्ये या आंदोलनाने कूस बदलली व अलास्कातील सॅमनचे उत्पादन वाढले. उत्तर अटलांटिकही १९३० नंतर काही दशके उबदार, १९६० ते १९९० च्या दशकांत तुलनेने थंड व त्यानंतर पुन्हा उबदार राहिला. हे बदल सागरी अभिसरणामुळे होतात की औद्योगिक धूलिकण व ज्वालामुखींचे उद्रेक यांचा त्यांत मोठा वाटा आहे, याविषयी तज्ञांत मतभेद आहेत.

निरीक्षण व पूर्वानुमान : पूर्वी समुद्रावरील नोंदी व्यापारी जहाजे व ठरावीक जागी उभी राहणारी हवामान-जहाजे यांच्याकडून मिळत. १९८० नंतर उपग्रहांद्वारे पृष्ठतापमान नियमितपणे मोजले जाऊ लागले. ‘आर्गो’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पातील स्वयंचलित तरंड दर दहा दिवसांनी २,००० मी. खोलीपर्यंतचे तापमान व लवणता मोजून उपग्रहामार्फत कळवितात. २००७ मध्ये त्यांची संख्या तीन हजारांवर गेली. भारतही या प्रकल्पात सहभागी आहे. अटलांटिकमधील उभ्या अभिसरणाचे मापन २००४ पासून सलग होत आहे. या नोंदींच्या आधारे ब्रिटिश हवामान खात्यातील संशोधकांनी २०१४ मध्ये असे दाखविले की, उत्तर अटलांटिक आंदोलनाची हिवाळ्यातील स्थिती काही आठवडे आधी बऱ्याच अंशी सांगता येते. तथापि संगणकीय प्रतिकृतींत समुद्राचा परिणाम प्रत्यक्षापेक्षा दुर्बळ उमटतो, असेही आढळले असून त्याचे कारण हा संशोधनाचा विषय आहे.

मानवी व्यवहारांमुळे पृथ्वीवर साठलेल्या अतिरिक्त उष्णतेपैकी सु. ९० टक्के उष्णता महासागरांनी शोषून घेतली आहे. हवेचे तापमान त्यामुळे तितके वाढले नाही. परंतु ही उष्णता समुद्रात साठून राहिली आहे. चालू शतकात अटलांटिकमधील उभे अभिसरण मंदावण्याची दाट शक्यता आंतरशासकीय जलवायुमान मंडळाने २०२१ मध्ये वर्तविली आहे. ज्या महासागराने मध्य अक्षांशांतील ऋतूंची तीव्रता आजवर सौम्य केली, त्याचीच स्थिती आता बदलत असल्याने, मागील शतकाच्या सरासरीवरून पुढील हिवाळ्यांचा अंदाज बांधण्याची पद्धत यापुढे पुरेशी ठरणार नाही.