‘करण्यात यावे’ : स्थानिक संस्थांच्या ठरावांतील हरवलेला कर्ता

१. भाषेचा अभ्यासक सामान्यतः बोलींकडे, वाङ्मयाच्या भाषेकडे किंवा जुन्या दप्तरांकडे वळतो. ग्रामपंचायतीच्या अथवा नगरपरिषदेच्या चालू इतिवृत्त-पुस्तकाकडे मात्र त्याचे लक्ष क्वचितच जाते. ती भाषा ठरीव व नीरस असून तीत अभ्यासण्याजोगे काही नाही, असा एक समज आहे. प्रस्तुत लेखात ह्या समजाची थोडी फेरतपासणी करावयाची आहे. ज्या वाक्यांनी गावातील रस्ता, दिवाबत्ती, पदपथ आणि शाळेसमोरील वाहतूक ह्यांविषयीचे निर्णय होतात, त्या वाक्यांची घडण कशी असते आणि त्या घडणीचा निर्णयाच्या अंमलबजावणीशी काय संबंध पोहोचतो, एवढाच प्रश्न येथे विचारात घेतला आहे.

प्रश्न केवळ व्याकरणाचा नाही. भारतात २०२२ ह्या एका वर्षात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्यू पावली आणि त्यांपैकी ३२,८२५ पादचारी होती, अशी केंद्र शासनाची आकडेवारी आहे. म्हणजे जवळजवळ दर पाच मृतांत एक पायी चालणारा होता. त्र्याहत्तराव्या व चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तींनी १९९३ पासून पंचायती व नगरपालिका ह्यांना घटनात्मक स्थान मिळाले. अकराव्या अनुसूचीत रस्ते व मोऱ्या, आणि बाराव्या अनुसूचीत रस्ते, पूल व पथदिवे ह्यांचा समावेश झाला. तेव्हा पादचाऱ्याच्या जीविताचा काही भाग तरी ह्या संस्थांच्या सभांतून उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांवर अवलंबून आहे, असे म्हणण्यास हरकत नाही.

२. प्रथम ‘ठराव’ हा शब्दच घेऊ. ‘जमणे’पासून ‘जमाव’, ‘उठणे’पासून ‘उठाव’, त्याचप्रमाणे ‘ठरणे’पासून ‘ठराव’. हे तिन्ही धातू अकर्मक आहेत. ‘लग्न ठरले’, ‘भाव ठरला’, ‘बेत ठरला’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणी ठरविले हे सांगण्याची गरज भासत नाही. गोष्ट जणू आपोआप स्थिर झाली. त्याउलट ‘ठरविणे’ ह्या प्रयोजक रूपाला कर्ता लागतो. ठराव हे नाम ‘ठरविणे’पासून न बनता ‘ठरणे’पासून बनले आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

जे. एल. ऑस्टिन ह्या इंग्रज तत्त्वज्ञाने १९५५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दिलेली व्याख्याने १९६२ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. काही वाक्ये वस्तुस्थितीचे वर्णन करीत नाहीत, तर ती उच्चारणे हीच एक कृती असते, हे त्याने दाखवून दिले. ‘मी शपथ घेतो’ हे अशा कृतिरूप वाक्याचे परिचित उदाहरण होय. ‘ही सभा असे ठरवीत आहे’ हे वाक्यही त्याच जातीचे आहे. पुरेशी गणसंख्या असलेल्या, रीतसर बोलावलेल्या सभेत ते मंजूर झाले की निर्णय झाला. त्यासाठी आणखी काही घडावे लागत नाही. मात्र निर्णय होणे ही एक कृती आणि निर्णयाप्रमाणे काम होणे ही दुसरी. पहिली कृती भाषेत पुरी होते. दुसरी रस्त्यावर पुरी व्हावी लागते. ठरावाच्या वाक्याचे खरे काम ह्या दोहोंमध्ये पूल बांधण्याचे असते.

३. आता एक नमुना पाहू. तो कोणत्याही विशिष्ट संस्थेच्या दप्तरातून घेतलेला नाही. अशा ठरावांच्या नेहमीच्या साच्यावरून येथे रचला आहे.

‘शाळेसमोरील रस्त्यावर वाहने वेगाने जात असल्याने अपघाताची शक्यता आहे. तरी सदर ठिकाणी आवश्यकतेनुसार गतिरोधक बसविण्यात यावेत व पथदिव्यांची योग्य ती व्यवस्था करण्यात यावी. ठराव सर्वानुमते मंजूर.’

ह्या ठरावात व्याकरणदृष्ट्या एकही चूक नाही. ‘बसविणे’ ह्या धातुसाधित नामाला सप्तमीचा ‘त’ लागून ‘बसविण्यात’ झाले आहे आणि त्यापुढे ‘येणे’ ह्या धातूचे रूप आले आहे. क्रियापद कर्माप्रमाणे चालते : गतिरोधक ‘यावेत’, व्यवस्था ‘यावी’. कर्ता हवा असल्यास ‘कडून’, ‘तर्फे’ किंवा ‘मार्फत’ लावून तो घालता येतो; परंतु न घातला तरी वाक्य अपुरे वाटत नाही. रचनेत कर्त्यासाठी जागा आहे, पण ती रिकामी ठेवली तरी कानाला खटकत नाही. हाच तिचा विशेष.

ह्याच्याशेजारी साधी विध्यर्थी रचना ठेवून पाहावी : ‘नगर अभियंत्यांनी गतिरोधक बसवावेत.’ येथेही क्रियापद कर्माप्रमाणेच चालते. पण कर्ता काढून टाकून ‘गतिरोधक बसवावेत’ एवढेच म्हटले, तर ऐकणारा तत्काळ विचारील, ‘कोणी?’ पहिली रचना हा प्रश्न उठूच देत नाही. मराठी माणसाला कर्ता सांगावयाचा नसला की तो नकळत ‘-ण्यात येणे’ ह्या रचनेचा आश्रय घेतो, असे दिसते.

दुसरी गोष्ट अर्थाची. ‘यावेत’ हे विध्यर्थाचे रूप. विध्यर्थाने कर्तव्य, शक्यता, योग्यता, इच्छा असे अनेक अर्थ व्यक्त होतात, हे आपल्या शालेय व्याकरणांतूनही सांगितलेले असते. ‘यंदा पाऊस चांगला यावा’ ही इच्छा झाली, ‘आपण अगत्य यावे’ ही विनंती झाली आणि ‘कर्मचाऱ्यांनी वेळेवर यावे’ हा आदेश झाला. रूप तेच, अर्थ ठरतो तो बोलणाऱ्याच्या अधिकारावरून आणि वाक्याच्या शेवटी येणाऱ्या ‘असे ही सभा ठरवीत आहे’, ‘अशी शिफारस करीत आहे’ किंवा ‘अशी विनंती करीत आहे’ ह्या क्रियापदावरून. वरील नमुन्यात हे क्रियापदच गळालेले आहे. त्यामुळे शाळेसमोरचा गतिरोधक हा आदेश आहे, शिफारस आहे की सदिच्छा आहे, हे वाक्यावरून कळण्यास मार्ग उरत नाही.

४. ह्या रचनेच्या बाजूने जे म्हणता येईल, तेही येथे मांडले पाहिजे. सभा ही व्यक्ती नव्हे. सदस्य बदलतात, अधिकारी बदलतात. संस्था मात्र अखंड राहते. म्हणून तिची भाषा व्यक्तिनिरपेक्ष असावी, हे योग्यच आहे. शिवाय कायद्याने कर्ता आधीच नेमून दिलेला असतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे आणि १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमानुसार तो सरपंचांकडे असतो. तेव्हा ठरावात कर्ता उघड नसला, तरी तो अध्याहृत आहे, असा युक्तिवाद होऊ शकतो.

रस्ता जेव्हा त्या संस्थेचाच असतो, तेव्हा हा युक्तिवाद टिकतो. अडचण येते ती रस्त्यांच्या मालकीमुळे. एकाच गावातून राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, प्रमुख जिल्हा मार्ग, इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग ह्यांपैकी कोणताही रस्ता जात असेल. त्यांची देखभाल सामान्यतः कोठे महामार्ग यंत्रणेकडे, कोठे सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, तर कोठे जिल्हा परिषदेकडे असते. गावकऱ्याच्या दृष्टीने ‘आमचा रस्ता’ एकच. कायद्याच्या दृष्टीने तो दुसऱ्याचा. अशा रस्त्यासंबंधी ग्रामपंचायतीने ‘बसविण्यात यावेत’ म्हटले, तर अध्याहृत कर्ता कोण समजावयाचा? सरपंचांना अधिकार नाही आणि ज्यांना अधिकार आहे त्यांच्यापर्यंत वाक्य पोहोचलेले नाही. ठराव मंजूर झाला ह्या समाधानात सभा संपते आणि कर्ता दोन कार्यालयांच्या मध्ये कोठेतरी हरवतो.

कायदा मात्र अपघातानंतर नेमका हाच कर्ता शोधू लागतो. मोटार वाहन अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ घालण्यात आले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ह्यांची सुरक्षाविषयक मानके जबाबदार प्राधिकरणाने वा कंत्राटदाराने पाळली नाहीत आणि त्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व ओढवले, तर एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे. जो प्रश्न सभेत दोन शब्दांत सुटला असता, तो मग न्यायालयात वर्षानुवर्षे चालतो.

५. कर्त्याइतकीच मापाची अनुपस्थितीही महत्त्वाची आहे. ‘आवश्यकतेनुसार’, ‘योग्य ती’, ‘शक्य तितक्या लवकर’, ‘सदर ठिकाणी’ ही पदे ठरावाला भारदस्तपणा देतात. पण आवश्यकता कोणी ठरवावयाची, योग्य काय आणि ठिकाण नेमके कोणते, हे ती सांगत नाहीत. ‘गतिरोधक’ ह्या शब्दाचे उदाहरण बोधप्रद आहे. ‘रोध’ म्हणजे अडविणे. गती रोखणारी वस्तू म्हणजे जितकी उंच व उभी तितकी चांगली, असा अर्थ शब्दावरून सहज निघतो आणि गावोगावी अरुंद, उंच वरंबे उभे राहतात. भारतीय रस्ते परिषदेने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूत्रांतील गतिरोधक ह्याहून अगदी निराळा आहे. सर्वसाधारण वाहतुकीसाठी त्याची रुंदी ३.७ मीटर, उंची १० सेंटिमीटर आणि वक्रतेची त्रिज्या १७ मीटर; ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने वाहन त्यावरून सुखरूप जावे, हा त्यामागील हेतू. आगाऊ इशाऱ्याचा फलक आणि ठळक रंगाचे पट्टे हेही त्याचे अंगच होत. म्हणजे अभियंत्याचा गतिरोधक गती मंद करतो. शब्दातला गतिरोधक ती अडवितो. रात्री दिवा नसलेल्या रस्त्यावर न दिसणारा वरंबा दुचाकीस्वाराला संरक्षण न देता धोकाच उत्पन्न करतो. ठरावात ‘प्रमाणित मापाचा’ एवढा एक शब्दसमूह असता, तर पुढच्या कामाची दिशा बदलली असती.

पदपथाचेही तसेच. त्याच परिषदेच्या २०१२ च्या सूत्रांत पादचाऱ्यासाठी किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितली आहे. ‘पदपथ बांधण्यात यावा’ एवढेच म्हटले, तर विजेचा खांब व दुकानाची पायरी ह्यांमध्ये उरलेली हातभर पट्टीही पदपथच ठरते. पुणे महानगरपालिकेने २०१६ साली पादचारी धोरण स्वीकारले; अशा धोरणाचा एक लाभ हा की, ‘पदपथ’ म्हणजे काय ह्याचा अर्थ प्रत्येक ठरावात नव्याने शोधावा लागत नाही.

६. कागदावरचा निर्णय आणि प्रत्यक्ष व्यवहार ह्यांतील अंतराचे महाराष्ट्राच्या इतिहासातील सर्वांत गंभीर उदाहरण रस्त्याचे नसून तळ्याचे आहे. सी. के. बोले ह्यांनी मांडलेला ठराव मुंबई विधिमंडळाने ऑगस्ट १९२३ मध्ये संमत केला. सार्वजनिक पैशाने बांधलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा अस्पृश्य मानलेल्या वर्गांना वापरू द्याव्यात, अशी ती शिफारस होती. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. निर्णयाची कृती पूर्ण झाली होती. पण तळ्यावर कोणी पाणी भरू शकत नव्हते. ‘तळे खुले आहे’ हे विधान एका स्थितीचे वर्णन करते. ती स्थिती कोण आणील व कोण राखील, हे ते सांगत नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहस्रावधी अनुयायी तळ्यावर गेले आणि त्यांनी पाणी प्राशन केले. ठरावातील कर्त्याची रिकामी जागा लोकांनी स्वतः भरली.

ठरावाची शब्दयोजना अधिक नेटकी असती, तर तळे आपोआप खुले झाले असते, असा ह्याचा अर्थ नव्हे. विरोध समाजाचा होता, व्याकरणाचा नव्हता. परंतु पुढची घटना विचार करण्यासारखी आहे. ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपला १९२४ चा ठराव रद्द केला. ज्याने तीन वर्षांत काहीच घडविले नव्हते तो ठराव रद्द करण्याची गरज का भासली? कारण लोक त्याच्या आधारे उभे राहू शकत होते. अंमलात न आलेले वाक्यही हक्काचा पुरावा असते. १९३७ साली मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

७. ह्यावरून ठरावाच्या भाषेविषयी एक साधी कसोटी निघते. मंजूर वाक्य हातात घेऊन एखाद्या सामान्य नागरिकाला एक वर्षानंतर ‘हे झाले की नाही, आणि नसल्यास कोणाकडे विचारावयाचे’ एवढे सांगता आले पाहिजे. आरंभीचा नमुना ह्या कसोटीस उतरेल असा पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

‘शाळेच्या फाटकाच्या दोन्ही बाजूंस प्रमाणित मापाचा प्रत्येकी एक गतिरोधक, आगाऊ इशाऱ्याचा फलक व एक पथदिवा सरपंचांनी ग्रामनिधीतून १० जूनपूर्वी बसवून घ्यावा व त्याचा अहवाल पुढील ग्रामसभेपुढे ठेवावा, असे ही सभा ठरवीत आहे.’

रस्ता दुसऱ्या यंत्रणेचा असल्यास वाक्य बदलावे लागेल : ‘वरील कामाची मागणी सरपंचांनी संबंधित उपविभागीय अभियंत्यांकडे आठ दिवसांत लेखी करावी व आलेले उत्तर पुढील सभेत वाचून दाखवावे.’ येथे ग्रामपंचायत जे करू शकत नाही त्याचा आव आणीत नाही. जे करू शकते, म्हणजे मागणी, तिचा कर्ता आणि मुदत मात्र स्पष्ट सांगते. दोन्ही वाक्ये मूळ नमुन्याहून फारशी लांब नाहीत आणि त्यांत एकही अवघड शब्द नाही.

१९६४ च्या राजभाषा अधिनियमाने राज्यकारभारात आणि २०२२ च्या अधिनियमाने स्थानिक प्राधिकरणांच्या कामकाजात मराठीचे स्थान निश्चित झाले. कोणती भाषा वापरावयाची, हा प्रश्न अशा रीतीने बव्हंशी सुटला आहे; तिच्यातील कोणती वाक्ये वापरावयाची, हा प्रश्न अद्याप उरला आहे. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी एखाद्या तालुक्यातील दहा वर्षांची इतिवृत्ते घेऊन कर्ता सांगणारे व न सांगणारे ठराव वेगळे केले आणि त्यांपैकी किती अंमलात आले ह्याचा मेळ घातला, तर वरील अनुमान कितपत खरे आहे हे पडताळता येईल. ते चुकीचे ठरले तरी काम वाया जाणार नाही. शाळा सुटण्याच्या वेळी त्या रस्त्याच्या कडेला उभे राहून मग इतिवृत्त वाचणाऱ्या विद्यार्थ्याला ‘यावेत’ ह्या क्रियापदाचा कर्ता शोधणे हा केवळ व्याकरणाचा पाठ वाटणार नाही.