कुंपणावर लटकवलेली बाळांची झबली

५ सप्टेंबर १९८१. वेल्समधल्या कार्डिफहून निघालेला बायकांचा एक छोटा मोर्चा इंग्लंडमधल्या ग्रीनहॅम कॉमन या हवाई तळावर पोचला. 'नाटो'च्या निर्णयानुसार तिथे अमेरिकेची ९६ अण्वस्त्रधारी क्रूझ क्षेपणास्त्रं येणार होती. त्यांच्या विरोधाला कुणी दाद देईना, तेव्हा बायकांनी फाटकाबाहेरच मुक्काम ठोकला. वाकवलेल्या फांद्यांवर प्लॅस्टिक टाकून केलेली खोपटी, बाहेर पेटती शेकोटी. पोलिसांनी उठवलं की पुन्हा तिथेच.

१२ डिसेंबर १९८२ ला सुमारे ३०,००० जणींनी हातात हात गुंफून चौदा-पंधरा किलोमीटरच्या कुंपणाला वेढा घातला. तारांवर झबली, मुलांचे फोटो, लोकरीने विणलेली जाळी अडकवली. मला सगळ्यात भिडतं ते हेच. पुढच्याच नववर्षाच्या पहाटे ४४ जणी शिड्या लावून आत उतरल्या आणि क्षेपणास्त्रांसाठी बांधलेल्या कोठारावर फेर धरून नाचल्या! कित्येकींनी तुरुंगवास पत्करला. हात मात्र कुणावरही उगारला नाही.

नोव्हेंबर १९८३ मध्ये क्षेपणास्त्रं आलीच, तरी बायका हलल्या नाहीत. १९८७ मध्ये अशी क्षेपणास्त्रं हटवण्याचा अमेरिका-सोव्हिएत करार झाला, १९९१ पर्यंत ती सगळी परत गेली. त्या करारामागे कारणं अनेक होती, पण या बायकांचा वाटा मी कमी मानत नाही. शेवटचं बिऱ्हाड हललं २००० साली. आता त्या माळावर गुरं चरतात.