मोडलेल्या मनगटाचा निरोप

पन्नाशीच्या उंबरठ्यावर : लेखांक ६

माझी मावशी ५८ वर्षांची असताना मोरीत घसरली. पडताना तिने उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर झालं, मग कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचे व्यायाम झाले आणि हात पुन्हा पोळ्या लाटू लागला. घरात सगळ्यांनी मोरीतल्या शेवाळाला बोल लावला आणि खरबरीत फरशी बसवून घेतली. हाड नीट जुळलं म्हणून डॉक्टरांकडची फाइलही बंद झाली.

पुढच्या काही वर्षांत मावशीचे परकर लांब होऊ लागले. ती ते खालून दुमडून शिवायची. तूरडाळीचा डबा वरच्या फळीवरून मधल्या फळीवर आला. "वय झालं आता, वाकायचंच," ती म्हणायची आणि आम्हालाही ते पटायचं. ६६व्या वर्षी पलंगावरून उतरताना ती पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा काढलेल्या एक्स-रेमध्ये पाठीचे दोन मणके आधीच चेपलेले दिसले. ते कधी चेपले, हे तिला सांगता येईना.

मनगटाने आठ वर्षं आधीच निरोप दिला होता. आम्ही तो फरशीवर ढकलून मोकळे झालो. आजचा लेख त्यासाठीच आहे. पन्नाशीच्या आसपासची किंवा त्यापुढची बाई चालता-चालता किंवा उभ्या-उभ्या पडली आणि हाड मोडलं, तर ते 'पाय घसरला' म्हणून सोडून देऊ नका. निरोगी हाडाने एवढा धक्का सोसायला हवा. तो सोसला नाही, म्हणजे हाड आधीच कमजोर होतं. प्लास्टर निघाल्यावर खरी तपासणी सुरू व्हायला हवी.

हाड आतून पोकळ कसं होतं?

हाड हा जिवंत अवयव आहे. त्यात दोन प्रकारच्या पेशींचं काम अखंड चालू असतं. एका प्रकारच्या पेशी जुनं हाड कुरतडून काढतात, दुसऱ्या त्या जागी नवं हाड भरतात. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा सुमारे दहावा भाग दरवर्षी असा बदलला जातो. तिशीपर्यंत भर जास्त आणि तोड कमी असते. नंतर काही काळ हिशेब जुळता राहतो.

गेल्या आठवड्यात आपण पाळी जाताना इस्ट्रोजेन कसं ओसरतं ते पाहिलं. हेच इस्ट्रोजेन हाड कुरतडणाऱ्या पेशींना आवर घालतं. ते ओसरलं की कुरतडणं वाढतं आणि भरणं मागे पडतं. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या पाच ते सात वर्षांत हाडांचा पाचवा हिस्सासुद्धा कमी होऊ शकतो. बॉस्टनचे डॉक्टर फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ साली हा संबंध मांडला. त्याआधी बायकांचं पोक निघणं म्हणजे म्हातारपण, एवढंच धरलं जायचं.

ऑस्टिओपोरोसिसला मराठीत 'अस्थिसुषिरता' असा शब्द आहे. सनई-बासरीसारख्या पोकळ वाद्यांना आपण सुषिर वाद्यं म्हणतो, त्यातलाच हा सुषिर. हाडाच्या आत मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी असते. ही जाळी विरळ होत जाते, तिचे दुवे तुटतात आणि हाड ठिसूळ होतं. मणके, मनगट आणि खुबा या ठिकाणी जाळीदार हाड भरपूर असतं. म्हणून आधी तीच ठिकाणं मोडतात, आणि बहुधा मनगटाची पाळी सर्वांत लवकर येते.

भारतीय स्त्रियांची पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, पाश्चात्त्य स्त्रियांपेक्षा चार-पाच वर्षं आधी. म्हणजे हाडांची झीज वेगाने होण्याची वर्षंही आपल्याकडे लवकर सुरू होतात. ज्यांची 'पिशवी काढलेली' असते त्यांचं काय? २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड मजूर स्त्रियांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न राज्यभर गाजला. सरकारी समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यात पस्तिशी-चाळिशीच्या बायाही होत्या. गर्भाशयासोबत दोन्ही अंडाशयंही काढली असतील, तर इस्ट्रोजेन एका दिवसात थांबतं. नुसतं गर्भाशय काढलं तरी पाळी जाण्याचं वय अलीकडे येऊ शकतं. अशा बाईने ऊस तोडायचा, मोळ्या डोक्यावर वाहायच्या आणि हाडांबद्दल तिला कुणी चकार शब्द सांगायचा नाही, हे मला फार लागतं. शस्त्रक्रिया झाली असेल तर कागदपत्रांत अंडाशयं ठेवली की काढली, ते वाचून घ्या. चाळिशीच्या आत-बाहेर दोन्ही काढलेली असतील, तर पाळी जाण्याच्या स्वाभाविक वयापर्यंत हार्मोन घ्यावेत का, हे स्त्रीरोगतज्ज्ञाला जरूर विचारा.

न दुखणारा आजार

'गुडघे दुखतात, म्हणजे हाडं ठिसूळ झाली का?' हा प्रश्न सर्रास विचारला जातो. गुडघेदुखी ही बहुतेक वेळा सांध्यातली कूर्चा झिजल्याने होते. हाडांची विरळता स्वतः दुखत नाही. हाड मोडेपर्यंत ती गप्प असते. मणका चेपला तरी तीनपैकी दोन वेळा ते कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून दुखण्याची वाट न पाहता पुढच्या खुणा पाहा :

• तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटिमीटर किंवा जास्त उंची घटली आहे.
• पाठीला नव्याने बाक आला आहे. कपडे लांब होतात, वरची फळी हाताला लागत नाही.
• हंडा, गादी किंवा नातवंड उचलताना, अगदी जोरात खोकतानाही पाठीत अचानक कळ आली आणि ती काही आठवडे राहिली.
• आईचा किंवा वडिलांचा खुबा मोडला होता.
• पाळी पंचेचाळिशीच्या आत गेली.
• दमा, आमवात अशा आजारांसाठी तीन महिन्यांहून अधिक काळ स्टेरॉइडच्या गोळ्या घेतल्या आहेत.
• अंगकाठी फार किडकिडीत आहे, किंवा थायरॉइडचा स्राव वा त्याच्या गोळीची मात्रा दीर्घकाळ जास्त राहिली आहे.

यातली एक खूण असली, तरी डॉक्टरांकडे विषय काढा. खुबा मोडल्यानंतर वर्षभरात साधारण पाचातली एक व्यक्ती दगावते. उरलेल्यांतल्या कितीतरी जणी पुन्हा पूर्वीसारख्या एकट्या बाहेर पडू शकत नाहीत.

कोणती तपासणी?

रक्तातलं कॅल्शियम नॉर्मल आलं की अनेकींचा जीव भांड्यात पडतो. पण शरीर रक्तातलं कॅल्शियम काटेकोर राखतं. कमी पडलं तर हाडांतून काढून घेतं. त्यामुळे हाडं विरळ झालेली असतानाही हा आकडा ठीक येतो. साध्या एक्स-रेमध्ये विरळता दिसायला हाडाचा जवळजवळ तिसरा हिस्सा जावा लागतो.

गावोगावच्या मोफत शिबिरांत टाच यंत्रात ठेवून हाडांची घनता सांगतात. ती ध्वनिलहरींची चाळणी चाचणी आहे. तिच्यावरून आजाराचं निदान होत नाही, की औषध सुरू करता येत नाही. खरी चाचणी म्हणजे डेक्सा स्कॅन. कमरेचे मणके आणि खुबा यांची घनता त्यात अगदी कमी क्ष-किरण वापरून मोजतात. सुई नाही, दुखणं नाही, पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

अहवालात 'टी-स्कोअर' असतो. तुमचं हाड निरोगी तरुण स्त्रीच्या हाडापेक्षा किती कमी आहे, ते तो सांगतो. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवलेल्या मोजपट्टीनुसार उणे १ किंवा त्याहून वर म्हणजे ठीक, उणे १ आणि उणे २.५ यांच्या मध्ये म्हणजे घनता कमी, आणि उणे २.५ किंवा त्याहून खाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस. पण किरकोळ पडण्याने खुबा किंवा मणका मोडला असेल, तर आकडा काहीही असो, उपचार लागतोच. पासष्टीनंतर प्रत्येकीने आणि वरची एखादी खूण असेल तर त्याआधीही ही चाचणी करावी. पुन्हा करायची झाली तर शक्यतो त्याच यंत्रावर करावी, म्हणजे तुलना खरी होते.

सोबत रक्ताच्या काही चाचण्या हव्यात : कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, थायरॉइड, मूत्रपिंडाचं काम. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाच्या तीव्र कमतरतेने हाडं मऊ पडण्याचा वेगळा आजारही दिसतो. त्यात अंग ठणकतं, मांड्यांत जोर राहत नाही, जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो. डेक्सामध्ये आकडा इथेही खालीच येतो, पण उपचार वेगळा असतो. म्हणून नुसता स्कॅनचा कागद पाहून गोळी घेऊ नये.

ताट आणि ऊन

पाळी गेल्यावर रोज १,२०० मिलिग्रॅम कॅल्शियम पोटात जावं, अशी आपल्याकडची शिफारस आहे. त्याचा हिशेब स्वयंपाकघरातच मांडता येतो. नाचणीची एक मोठी भाकरी सुमारे २०० मिलिग्रॅम, पेलाभर दूध २४० च्या आसपास, मोठी वाटी दही पावणेदोनशे-दोनशे, आणि न सोललेल्या तिळाचे दोन चमचे शंभरेक. शेवग्याचा पाला, राजगिरा, काट्यांसकट खाल्लेली मांदेली आणि सुकट यांनी भर पडते. पालकात कॅल्शियम असतं, पण त्यातलं ऑक्झॅलेट ते अंगी लागू देत नाही. डाळी, कडधान्यं, अंडी, मासे यांतली प्रथिनंही हवीत, कारण हाडाचा सांगाडा प्रथिनांचा आणि त्यावरचा गिलावा कॅल्शियमचा असतो.

ताटातून भागत नसेल तर गोळी घ्यावी, पण एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. लोहाच्या आणि थायरॉइडच्या गोळीपासून ती काही तास दूर ठेवा.

'सकाळचं कोवळं ऊन घेते, तरी ड जीवनसत्त्व कमी कसं?' असं अनेकजणी विचारतात. त्वचेत हे जीवनसत्त्व तयार करणारे किरण कोवळ्या उन्हात फारसे नसतात. ते ११ ते २ च्या उन्हात असतात आणि काचेतून आत येत नाहीत. हात आणि पाय उघडे ठेवून थोडा वेळ गच्चीत किंवा अंगणात बसावं. ६०,००० युनिटची पुडी किंवा कॅप्सूल डॉक्टर सहसा आठवड्यातून एक याप्रमाणे ठरावीक आठवड्यांसाठी देतात. शेजारणीने सांगितली म्हणून ती महिनोन्महिने घेत राहिलात तर रक्तात कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

औषधं : भीती आणि शिस्त

ऑस्टिओपोरोसिस झाल्यावर नुसतं कॅल्शियम पुरत नाही. हाडाची तोड रोखणारं औषध लागतं. सर्वांत जास्त वापरली जाते ती ॲलेन्ड्रोनेटची आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी. सकाळी उठल्या-उठल्या उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. नंतर अर्धा तास चहा नाही, दूध नाही, दुसरी गोळी नाही आणि आडवं व्हायचं नाही. चहाबरोबर घेतली तर ती शोषली जात नाही, आणि घेऊन पडून राहिलात तर अन्ननलिकेला जखम होऊ शकते. 'मला ही गोळी सोसत नाही' असं वाटत असेल, तर आधी ती घेण्याची पद्धत तपासा.

ज्यांना गोळी जमत नाही त्यांच्यासाठी झोलेड्रोनिक ॲसिडचं वर्षातून एकदा सलाईन असतं. पहिल्यांदा एक-दोन दिवस ताप आणि अंगदुखी होते, मग ओसरते. दर सहा महिन्यांनी घ्यायचं डेनोसुमॅबचं इंजेक्शनही आहे. ते अधेमधे सोडलं तर हाडांची झीज उसळून येते आणि एकामागून एक मणके चेपू शकतात, म्हणून तारीख चुकवू नका. फार ठिसूळ हाडांसाठी टेरिपॅराटाइडचं रोजचं इंजेक्शन नवं हाड बांधतं. ते साधारण दोन वर्षांपर्यंत देतात आणि त्यानंतर बांधलेलं हाड टिकवायला दुसरं औषध द्यावं लागतं.

या औषधांनी जबड्याचं हाड सडतं, असं ऐकून काही जणी घाबरतात. या मात्रेत तसं क्वचितच होतं, आणि दात काढायचा असेल तर औषध सुरू होण्याआधी काढून घेतला की धोका आणखी घटतो. गोळी पाच वर्षं झाली की पुढे चालू ठेवायची की थोडी विश्रांती द्यायची, हे डॉक्टर ठरवतात. आपल्या मनाने बंद करू नका.

चालणं, तोलणं, वाकणं

हाडाला भार मिळाला की ते भरतं. रोजचं भराभर चालणं, जिने, खुर्चीतून हात न टेकता उठ-बस, ओट्याला धरून टाचा उचलणं आणि एका पायावर उभं राहणं इतकं घरातच होतं. मणके कमजोर असल्याचं निदान झालं असेल तर पश्चिमोत्तानासन, पादहस्तासन, हलासन अशी पुढे वाकायची आसनं टाळा. सूर्यनमस्कार घालत असाल तर योगशिक्षकांना आजार आधी सांगा. जमिनीवरची बादली कमरेतून वाकून न उचलता गुडघ्यांत वाकून, अंगाजवळ धरून उचला.

आता या आठवड्याचं काम. घरातल्या आईला, सासूबाईंना, मावशीला अनवाणी भिंतीला टेकून उभं करा आणि उंची मोजा. तरुणपणीची उंची कुणालाच आठवत नसेल, तर दोन्ही हात आडवे पसरायला सांगून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या बोटाच्या टोकापर्यंत अंतर मोजा. ते साधारण तरुणपणीच्या उंचीएवढं असतं. दोन आकड्यांत मोठा फरक पडला, तर डॉक्टरांकडे जाताना ते सोबत न्या. दाराच्या चौकटीवर पेन्सिलने खूण करून तारीख लिहा आणि दर वर्षी त्याच खुणेपाशी पुन्हा मोजा.

मावशी आज वॉकर घेऊन अंगणात फिरते. दर रविवारी सकाळी गोळी घेऊन अर्धा तास झोपाळ्यावर ताठ बसते. तिला हे उपचार ५८व्या वर्षी मिळाले असते, तर वॉकर लागला नसता असं मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण तेव्हा विचारायला हवं होतं आणि आम्ही विचारलं नाही. तुमच्या घरात कुणाच्या हाताला आज प्लास्टर असेल, तर ते काढायच्या दिवशी डॉक्टरांना एवढं विचारा : "हिची डेक्सा करायची का?"

(पुढील आठवड्यात : घरातल्या घरात पडणं कसं टाळावं? मोरी, जिना, रात्रीचा दिवा आणि झोपेच्या गोळ्या.)