तळघरातील हत्यारे

अमेरिकेत एखादा वृद्ध गृहस्थ निवर्तला, किंवा घर मोडून वृद्धाश्रमाचा आश्रय घेण्याची पाळी त्याच्यावर आली, म्हणजे त्याच्या जंगम मिळकतीची विल्हेवाट लावण्यासाठी वारसदार बहुधा याच धंद्यातील एखाद्या मंडळीला पाचारण करतात. या विक्रीस तिकडे ‘इस्टेट सेल’ म्हणतात. तीत सहसा लिलावाची बोली नसते. सोफ्यापासून चमच्यापर्यंत प्रत्येक जिनसेला किमतीची चिठ्ठी लावून दोन-तीन दिवस घर गिऱ्हाइकांना खुले ठेवले जाते आणि विक्री करून देणारे उत्पन्नातून आपली दलाली कापून घेतात. पहिल्या दिवशी चिठ्ठीवरचा आकडा सहसा ढळत नाही; अखेरच्या दिवशी तो पुष्कळदा निम्म्यावर येतो.

दिवाणखान्यातील चिनी मातीच्या भांड्यांभोवती गर्दी जमलेली असता जो जाणता मनुष्य मुकाट्याने तळघराचा जिना उतरतो, त्याच्या पदरी रंधे, पटाशा, करवती आणि गुण्ये यांपैकी काही ना काही चांगले पडण्याचा संभव अधिक. मोल ठरविणाऱ्यांना चांदीची पारख असते; परंतु गंजाने काळवंडलेल्या रंध्याचे मोल ज्याने लाकूड तासले आहे त्यालाच कळते, आणि असा इसम चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांत क्वचितच असतो.

सर्वांत सुलभपणे आढळणारा रंधा म्हणजे कनेक्टिकट संस्थानातील न्यू ब्रिटन या गावी तयार झालेला ‘स्टॅन्ली’चा. लेनर्ड बेली या कल्पक कारागिराची पेटंटे या कारखान्याने १८६९ साली विकत घेतली, आणि मळसूत्र फिरवून पाते खालीवर करण्याची जी सोय त्यांत होती तिच्या बळावर ओतीव लोखंडाच्या रंध्यांची बाजारपेठ काबीज केली. हा रंधा आपला जन्मकाळ स्वतःच सांगतो. पाते ज्या तिरप्या बैठकीवर टेकते तिच्या मागे, तळाच्या ओतकामातच, १९०२ सालच्या दोन व १९१० सालची एक अशा पेटंटाच्या तीन तारखा उमटलेल्या असतील, तर तो सुमारे १९१० ते १९१८ या काळातील समजावा. पात्यावर हृदयाच्या आकृतीत दोन अक्षरे दिसली, तर तो १९२० नंतरचा. त्या वर्षी हा कारखाना ‘स्टॅन्ली वर्क्स’मध्ये विलीन झाला, आणि ते हृदय म्हणजे त्या कंपनीचे माजी अध्यक्ष विल्यम हार्ट यांच्या आडनावावरची कोटी होय. कारखानदारांनाही विनोदबुद्धी असते, याचा हा दुर्मिळ पुरावा!

करवतींत तीच प्रतिष्ठा फिलाडेल्फियाच्या हेन्री डिस्टन यांची. मूळचे इंग्लंडचे हे गृहस्थ १८४० साली स्वतःचा धंदा थाटून बसले. त्यांच्या करवतीच्या मुठीवर पितळी बिल्ला असतो. त्यावर ‘अँड सन’ असा एकाच पुत्राचा उल्लेख असेल तर ती १८६५ ते १८७१ या दरम्यानची, आणि पुत्रांचे अनेकवचन झाले असेल तर त्यानंतरची.

मात्र वय म्हणजे गुण नव्हे, आणि जुने ते सर्वच सोने मानणाऱ्या हौशी मंडळींनी पुष्कळ भंगार घरी नेले आहे. रंध्याच्या मुखाशी ओतकामास बारीकशी चीर गेली असल्यास तो तिथेच ठेवावा. सुटे भाग पुरते आहेत की नाहीत तेही पाहावे, कारण स्टॅन्लीच्या कित्येक स्क्रूंचे आटे प्रचलित मापांचे नसतात आणि बाजारातला स्क्रू त्यांत बसत नाही. करवत डोळ्याशी धरून दातांच्या रेषेत पाहावी. पाते मुरडलेले असेल तर ते सरळ करणे नवशिक्याच्या आवाक्याबाहेरचे. बोथट दात कानशीने पुन्हा काढता येतात, पण गंजाने धारेजवळ खळगे पाडले असतील तर इलाज नाही. वरवरचा गंज मात्र भिण्यासारखा नसतो: रात्रभर शिरक्यात बुडवून, घासून, सोड्याच्या पाण्याने धुऊन, कोरडे करून तेलाचा हात फिरविला की मूळचे पोलाद वर येते.

स्टॅन्लीच्या रंध्यांपैकी पहिल्या क्रमांकाचा चिमुकला रंधा संग्राहकांना प्राणप्रिय असला तरी कामाला फारसा उपयोगी नाही. वापरणाऱ्याने चौथ्या किंवा पाचव्या क्रमांकाचा शोधावा. न्यू जर्सीकडे स्थायिक झालेल्या आपल्या वाचकांपैकी ज्यांना सुतारकामाचा नाद असेल, त्यांनी अखेरच्या दिवसाच्या निम्म्या किमतीची वाट पाहत बसू नये. चांगली करवत पहिल्याच सकाळी जाते.