हौसेला मोल नाही?

‘हौसेला मोल नाही’ असे आपण म्हणतो, तेव्हा हौस आपली असते आणि खिसाही आपलाच. पण हौस एकाची आणि गल्ला दुसऱ्याचा, असे झाले तर? अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा वाद नेमका हाच आहे.

‘अमॅच्युअर’ या शब्दाच्या मुळाशी ‘प्रेम’ हा अर्थ आहे. आपण अशा खेळाडूला ‘हौशी’ म्हणतो. १९०६ साली स्थापन झालेल्या तेथील राष्ट्रीय महाविद्यालयीन क्रीडासंघटनेने हे हौशीपण सोवळ्यासारखे जपले. खेळाडूला शिष्यवृत्ती चालेल. वेतनाचा मात्र विटाळ!

१९५५ साली कोलोरॅडो राज्यातील एका लहानशा महाविद्यालयाचा खेळाडू फुटबॉलच्या सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. कामगाराच्या वारसांना मिळते तशी भरपाई त्याच्या पत्नीने मागितली. १९५७ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. फुटबॉल खेळणे ही त्याची नोकरी नव्हती आणि फुटबॉल हा महाविद्यालयाचा धंदाही नव्हता, असे ठरले.

त्याच दशकात संघटनेने एक जोडशब्द रूढ केला: ‘विद्यार्थी-खेळाडू’. खेळाडूंना कोणी नोकर ठरवील, या धास्तीतून तो घडवला गेला, हे संघटनेची धुरा अनेक वर्षे वाहिलेल्या वॉल्टर बायर्स यांनीच १९९५ साली आपल्या पुस्तकात सांगितले. भाषा शिकवण्यात आयुष्य घालवणाऱ्या माझ्यासारख्याला या शब्दाचे नवल वाटते. दोन्ही पदे निरागस. पण समास असा की, हक्क मागणाऱ्याची वाटच अडावी!

पुढे प्रेक्षागारे लाखाच्या घरात गेली, दूरचित्रवाणीचे करार अब्जावधी डॉलरांचे झाले, प्रशिक्षकांना लक्षावधींचे पगार मिळू लागले. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने, शिक्षणाशी निगडित लाभांवर संघटनेने घातलेल्या मर्यादा एकमताने बेकायदा ठरवल्या. त्याच वर्षी खेळाडूंना जाहिरातींतून कमाईची मुभा मिळाली. जुलै २०२५ पासून तर न्यायालयीन तडजोडीनुसार महाविद्यालये त्यांना थेट पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षासाठी प्रत्येक संस्थेची मर्यादा सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर.

यात विद्या मागे पडेल, गल्ला न भरणारे खेळ उपाशी राहतील, ही भीती खोटी नव्हे. तिची तरतूद करावीच लागेल. पण ‘माझ्या हौसेला मोल नाही’ हे म्हणावे खेळाडूने. दाराशी बसून तिकिटे विकणाऱ्याच्या तोंडी ते वाक्य शोभत नाही.