सोळा पायऱ्या : मॉरिशसमधील शेवटचा दिवस

मंडळीनें मिळून काढलेल्या परदेशच्या सहलींत शेवटच्या दिवसाला कोणी दिवस म्हणून मोजीत नाहीं. सकाळीं खोल्या मोकळ्या करावयाच्या, पेट्यांचें वजन पाहावयाचें, आणि विमानाची वेळ होईपर्यंत जो काळ उरेल तो कोठल्या तरी बाजारांत घालवावयाचा, असा शिरस्ता पडून गेला आहे. छापील पत्रकांतहि त्या दिवसापुढें ‘खरेदी व परतीचा प्रवास’ यापलीकडे कांहीं लिहिलेलें नसतें. श्रोतेहो, मॉरिशस बेटावरून परततांना या उरलेल्या वेळांत काय पाहतां येतें, तें आज मी आपणांस सांगणार आहें.

हें बेट हिंदी महासागरांत मादागास्करच्या पूर्वेस आहे. मुंबईहून विमान सहा-साडेसहा तासांत तेथें पोंचतें. क्षेत्रफळ सुमारें दोन हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या रत्नागिरी जिल्ह्याच्या चौथ्या हिश्शाएवढें. २०२४ सालच्या नोव्हेंबरांत अठ्ठावीस जणांच्या एका मंडळींतून मी व माझी थोरली बहीण अक्का, अशीं दोघें तेथें गेलों होतों. शामरेल येथील सात रंगांची माती, गंगा तलावाकांठची शंकराची तेहतीस मीटर उंच मूर्ति, समुद्राचे किनारे, हें सर्व पांच दिवसांत पाहून झालें. त्यांचीं वर्णनें पुष्कळांनीं केलीं आहेत. तीं पुन्हा करीत नाहीं.

शेवटच्या दिवशीं पोर्ट लुई या राजधानीच्या शहरीं आम्हांस तीन तास मोकळे मिळाले. बंदराच्या कांठीं कोदाँ नांवाची दुकानांची पेठ आहे. तेथें व्हॅनिला, चहा, साखर आणि डोडो पक्ष्याच्या आकृति विकावयास मांडलेल्या असतात. हा पक्षी जगांत केवळ याच बेटावर होता, आणि डच लोक १५९८ सालीं येथें उतरल्यानंतर शंभर वर्षांच्या आंत तो नाहींसा झाला. आतां पंच्यांवर, पेल्यांवर, किल्ल्यांच्या कड्यांवर जिकडे तिकडे तोच. ज्याला जिवंत राखतां आलें नाहीं त्याच्यावर एवढा व्यापार चालावा, याचें मला नवल वाटलें. असो. अक्कानें नातवंडांसाठीं दोन डोडो घेतले, पिशवींत टाकले आणि म्हणाली, “अरे, बाजार झाला. आतां तो घाट दाखव.”

तिच्या या आग्रहास कारण होतें. आमच्या पणजोबांचा एक धाकटा भाऊ कोंकणांतून मुंबईस गेला, तेथें जहाजावर चढला आणि परतला नाहीं, एवढीच वार्ता घरांत चालत आलेली आहे. मृत्यूची तिथि ठाऊक नसल्यामुळें सर्वपित्री अमावास्येस त्याच्यासाठीं एक पान वाढतात. घरांत त्याला ‘दर्यावरचे आजोबा’ म्हणतात. आईच्या मागें ही आठवण अक्कानेंच राखली. तो मॉरिशसलाच गेला असें कोणी खात्रीनें सांगूं शकत नाहीं. परंतु त्या काळीं मुंबईहून मजुरांचीं जहाजें या बेटाकडे जात, आणि त्यांत कोंकणचीं माणसें होतीं, हें खरें.

घाट पेठेपासून पायीं जाण्याजोगा जवळ आहे. त्याचें आजचें नांव आप्रवासी घाट. पूर्वीं त्याला कुली घाट म्हणत. १९८७ सालीं तें नांव बदललें. त्याची हकीकत अशी. ब्रिटिश पार्लमेंटनें १८३३ सालीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा केला आणि १८३५ च्या फेब्रुवारींत तो या बेटावर अंमलांत आला. उंसाच्या मळ्यांना माणसें तर हवींच होतीं. तेव्हां हिंदुस्थानांतून करारानें मजूर आणण्याची युक्ति निघाली. २ नोव्हेंबर १८३४ रोजीं ॲटलस नांवाचें जहाज कलकत्त्याहून छत्तीस मजूर घेऊन आलें. करार पांच वर्षांचा, पगार महिना पांच रुपये आणि शिधा. तेव्हांपासून १९२० पर्यंत जवळजवळ पांच लाख माणसें या बंदरांत उतरलीं. त्यांतील कांहीं येथून पुढें आफ्रिकेकडे व इतर वसाहतींकडे धाडलीं गेलीं. आलेल्या मजुरांना उतरवून ठेवण्यासाठीं १८४९ सालीं हें ठाणें बांधण्यात आलें. २००६ सालीं युनेस्कोनें त्यास जागतिक वारसास्थळांत स्थान दिलें.

पाहणाऱ्यास प्रथम निराशाच वाटेल, हें सांगितलें पाहिजे. पूर्वीं ठाण्याची जेवढी जागा होती तिच्यापैकीं निम्मीहि आज उरलेली नाहीं. बाजूनें मोठा रस्ता गेला आहे आणि मोटारींचा आवाज सतत कानीं पडतो. दवाखान्याच्या खोल्या, पहारेकऱ्यांची जागा, स्वयंपाकाची ओरी, शौचकूप यांचे अवशेष आहेत, आणि काळ्या दगडाच्या सोळा पायऱ्या आहेत. होडींतून उतरलेला मनुष्य त्या पायऱ्या चढून ठाण्यांत येई. तेथें निदान दोन दिवस राही, आणि मग ज्या मळ्याच्या वांट्यास आला असेल तिकडे जाई.

अक्काचे गुडघे दुखतात. तरी ती पायऱ्यांपाशीं बराच वेळ उभी राहिली. मग तिनें विचारलें, “करार पांच वर्षांचा होता ना? मग परत कां आले नाहींत?”

प्रश्न साधा, पण सर्व इतिहास त्यांत आहे. आरंभीं परतीचें भाडें देण्याचें वचन करारांत असे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास तें काढून घेण्यांत आलें. ज्याला परतावयाचें त्यानें स्वतःच्या पैशानें परतावें! आणि पैसा सांठावा कसा? एक दिवस कामावर न गेल्यास दोन दिवसांचा पगार कापला जाई. करार संपलेल्या मजुरासहि जवळ दाखला बाळगावा लागे. दाखला नसला कीं पोलीस त्याला भटक्या म्हणून धरीत. १८७१ सालीं आदोल्फ द प्लेव्हिट्झ या युरोपियन गृहस्थाच्या साहाय्यानें ९,४०१ जुन्या मजुरांनीं गव्हर्नराकडे अर्ज केला, तेव्हां कोठें चौकशीसाठीं शाही कमिशन नेमलें गेलें. तोंवर एक पिढी मातीस मिळाली होती, आणि दुसरी त्याच मातींत जन्मली होती.

घाटास लागून माहितीचें एक दालन आहे. तेथें आम्हांस कळलें कीं, मजुरांच्या नोंदवह्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेंत जपून ठेवल्या आहेत. प्रत्येकाचा क्रमांक, नांव, बापाचें नांव, वय, जात, गांव, उंची, अंगावरील खूण, जहाज आणि मळा इतकें त्यांत लिहिलेलें असतें. कारकुनानें नांव जसें कानीं पडलें तसें इंग्रजींत उतरलें. आडनांवाची चाल नव्हती, म्हणून आज तेथील पुष्कळ घराण्यांचें आडनांव म्हणजे प्रथम आलेल्या पुरुषाचें पाळण्यांतलें नांव आहे. मराठी घराणींहि तशींच. त्यांतील बहुतेकांच्या घरीं आतां क्रिओल बोलली जाते. पण शाळांत मराठी शिकवितात, आणि गणेशचतुर्थीला त्या देशांत सरकारी सुटी असते.

अक्का हें सर्व ऐकून घेत होती. वहींत शोधावयाचें तर नांव पाहिजे; आणि आमच्याकडे तेंच नाहीं. ‘दर्यावरचे आजोबा’ हें नांव कोणत्या क्रमांकापुढें सांपडणार? ती एवढेंच म्हणाली, “पान वाढत राहिलों, नांव मात्र विसरलों.” मला यावर उत्तर सुचलें नाहीं. घड्याळ पाहिलें तर बस सुटावयास वीस मिनिटें होतीं; विमानतळ शहरापासून पाऊण-एक तासाच्या वाटेवर आहे आणि तेथें तीन तास आधीं हजर व्हावें लागतें.

ज्यांच्या घरांत अशी एखादी वार्ता असेल त्यांनीं निघण्यापूर्वींच चार गोष्टी जमवाव्या : गेलेल्याचें नांव, त्याच्या बापाचें नांव, गांव व तालुका, आणि अदमासें साल. शोधाचें काम शेवटच्या दिवसाच्या तीन तासांत होणारें नव्हे. त्यास दोन दिवस अधिक ठेवावे. अक्कानें परत आल्यावर गांवच्या चुलत घरीं पत्र लिहून, माळ्यावरच्या पेटींतील जुन्या पावत्या व पोथ्यांच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलेलीं टांचणें पाहावयास सांगितलें आहे. अद्याप उत्तर नाहीं.