झाडाची छाटणी म्हणजे हजामत नव्हे



ऊस पेटला की पुष्कळदा पंचनाम्यात एकच कारण लिहिले जाते : विजेच्या तारांचे घर्षण. तार का घासली, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. बांधावरच्या कडुलिंबाची नाहीतर बाभळीची फांदी तारेवर रेललेली असते. वारा सुटला की तार झुलते, दोन तारा एकमेकींना भिडतात, ठिणगी पडते आणि वाळल्या पाचटाला तेवढे पुरते. जळिताचा ऊस घाईने तोडावा लागतो, वजन घटते, वर कपात बसते. मग मालक चिडून कुऱ्हाड घेतो आणि झाड बुडापासून आडवे करतो, नाहीतर हाताला लागेल तसे बोडके करून सोडतो. दोन्हीत नुकसान आपलेच.

गेल्या मे महिन्यात नातेवाइकांकडे पनवेलला जाणे झाले. पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, जुनी. २०१६ पासून तिथे महानगरपालिका आहे. पावसाळा तोंडावर आला की तिथे रस्त्याकडेच्या झाडांच्या छाटणीची गडबड उडते. कारणही तसेच आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्यातच श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने जमिनीवर आले आणि ताशी शंभर किलोमीटरच्या वर वारे सुटले. नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, घरांवर आंबे-फणस कोसळले. तेव्हापासून त्या भागात झाड म्हटले की लोक आधी वर बघतात, मग खाली गाडी लावतात.

नातेवाइकांच्या सोसायटीत एक जुना पर्जन्यवृक्ष, दोन गुलमोहर आणि एक आंबा. छाटायला पाच माणसांची टोळी आली होती. आपल्या ऊसतोडीच्या टोळीसारखीच रीत : एक मुकादम, एक वर चढणारा, एक दोर सांभाळणारा, दोघे खालच्या फांद्या ओढून तुकडे करणारे. दिवस उजाडताच काम सुरू, अकराला बंद. मुकादमाला विचारले, "एवढ्या लवकर थांबता?" तो म्हणाला, "साहेब, उन्हात वरच्या माणसाला घेरी आली तर त्याला खाली कोण आणणार?" आपल्याकडे मात्र भर दुपारी जेवून चढणारे पुष्कळ!

चढायच्या आधी त्या लोकांनी चांगली वीस मिनिटे झाडाभोवती नुसत्या फेऱ्या मारल्या. मला वाटले वेळ काढताहेत. पण खरे काम तेच होते. बुंध्यापाशी अळंबी उगवली आहे का, खोडाला उभी चीर आहे का, एका बाजूची माती उचलली गेली आहे का, कुठे वाळवीची माती चढली आहे का, हे बघून घेतले. हातोडीने खोड वाजवून पाहिले. आग्या मोहोळ आहे का आणि आंब्यावर पाने शिवून केलेली तांबड्या मुंग्यांची घरटी कुठे आहेत, हेही पाहिले. वर दोरीवर लटकलेल्या माणसाला मुंग्या डसल्या तर हात सुटतो. पक्ष्यांची घरटीही बघितली. अंडी-पिल्ले असलेले घरटे पाडणे हा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि बगळ्यांची वीण तर ऐन पावसाळ्यात असते, हे आपणही ध्यानात ठेवावे.

खोड पोकळ वाजले म्हणजे झाड गेले असे समजू नका. सायकलची नळी पोकळच असते, तरी माणूस पेलते. सभोवार चांगल्या लाकडाची जाडी खोडाच्या त्रिज्येच्या तिसऱ्या हिश्श्याइतकी असली तर झाड सहसा उभे राहते, असा या धंद्यातला ठोकताळा आहे. मात्र मुळाशी कुज असेल, किंवा झाड नव्यानेच एका अंगाला कलले असेल, तर त्याच्याखाली गोठा ठेवू नये.

आता कापण्याची पद्धत. हे नीट वाचा. आपला गडी फांदीवर वरून एकच घाव घालीत जातो. फांदी अर्धी कापली की वजनाने खाली लवते आणि बुंध्याची साल हात-दोन हात सोलीत नेते. ती जखम वर्षानुवर्षे भरत नाही. एक फूट जाडीची, दहा फूट लांबीची ओली फांदी दोन क्विंटलच्या आसपास भरते. तिला एका घावात सोडणे म्हणजे साल सोलून घेणेच. म्हणून तीन काप घ्यायचे. पहिला काप बुंध्यापासून हातभर अंतरावर, खालच्या बाजूने, पाव ते तिसरा हिस्सा खोल. दुसरा त्याच्या चार बोटे पुढे, वरून. या कापाला फांदी तुटून पडते, पण साल पहिल्या कापापाशी थांबते. मग उरलेला ठुंठा तिसऱ्या कापाने काढायचा.

तिसरा काप कुठे घ्यायचा, इथेच आपली ऊसवाल्यांची सवय आड येते. खोडव्यासाठी ऊस जमिनीलगत तोडा, बुडखा वर ठेवू नका, असे मीच तुम्हाला दर हंगामात सांगत आलो. उसाला ते बरोबर आहे, कारण फूट जमिनीखालच्या डोळ्यांतून यायची असते. झाडाचे तसे नाही. फांदी जिथे खोडाला मिळते तिथे एक फुगवटा असतो, गळ्यात वळी पडावी तसा. झाडाची जखम बंद करणारी ताकद त्या फुगवट्यात असते. तो तासून काढला तर जखम मोठी होते आणि कुज थेट खोडात शिरते. वीतभर ठुंठा ठेवला तर तो वाळतो, कुजतो, आणि कुज आत नेतो. म्हणून काप फुगवट्याच्या बाहेर, पण त्याला अगदी लागून.

जखमेला डांबर फासावे का, असे पुष्कळ सभासद विचारतात. जुन्या काळी फासत. अमेरिकेत जॉन डेव्ही नावाच्या गृहस्थाने १९०१ साली 'झाडांचा डॉक्टर' अशा अर्थाच्या नावाचे पुस्तक लिहिले. त्या काळातल्या या धंद्यात झाडाच्या पोकळीत दात भरावा तसे सिमेंट भरीत. पुढे त्याच देशाच्या वनखात्यातील अॅलेक्स शिगो यांनी हजारो खोडे उभी चिरून पाहिली आणि दाखवून दिले की झाडाची जखम माणसासारखी भरून येत नाही. झाड कुजक्या भागाला आतून भिंत घालते आणि बाहेरून नवे लाकूड चढवते. डांबराखाली ओल कोंडते, आणि सिमेंट वाऱ्यात झाडाबरोबर हलत नाही, उलट आतून घासते. तेव्हा डांबर नको, सिमेंट तर नकोच. आंब्यासारख्या फळझाडाला मात्र कापावर बोर्डो मलम लावण्याची शिफारस आपल्याकडे आहे : एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद लोखंडी भांड्यात भिजवू नका, भांडे खाईल. प्लॅस्टिकची बादली घ्या.

एका वेळी किती छाटावे? पाव हिश्श्याहून अधिक पाला काढू नये. शेंडा उडवून झाड मुंडले की चार महिन्यांत त्यावर काठ्यांचा झुपका फुटतो आणि लोक म्हणतात, बघा किती जोमाने आले! त्या काठ्या सालीलगत उगवलेल्या असतात, खोलवर रुजलेल्या नसतात. पाच-सात वर्षांत त्या जड झाल्या की पहिल्या वादळात त्याच मोडतात. उसावर सावली पडते म्हणून शेंडा मारायचे कारण नाही. खालच्या दोन-चार फांद्या काढून खोड उंच मोकळे करावे आणि आतली दाटी विरळ करावी. ट्रॉलीही खालून अडल्याशिवाय जाते.

बांडगूळ दिसले तर ते नुसते ओरबाडू नका. त्याची मुळी फांदीच्या आत गेलेली असते. फांदीच थोडी खालून कापावी. ओल्या बांडगुळाला फुले-फळे येण्याआधी हे झाले तर उत्तम, कारण पक्षी बी पसरवतात.

पनवेलच्या त्या टोळीत वर चढणारा गडी तिशीचा असेल. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोन दोर. करवत चालवताना एक दोर कापला गेला तरी दुसरा असावा म्हणून. त्याचा बाप नारळ उतरवायला चढे, बिनदोरीचा. "काका, बाबाला काय झालं नाही, नशीब त्याचं. मला दोन पोरी आहेत," एवढेच तो म्हणाला आणि वर गेला. मोठी फांदी तो खाली टाकत नव्हता. दोर बांधून, तो दोर बुंध्याला दोन वेढे देऊन, खालचा माणूस ती हळूहळू सोडत होता. वेढ्यांमुळे भार माणसावर येत नाही. हा दोर मनगटाला गुंडाळायचा नाही, हे खालच्या माणसाला मुकादम तीनदा बजावत होता.

पेट्रोलवरची करवत आता आपल्याकडेही घरोघर दिसू लागली आहे. तिच्या पात्याचे टोक लाकडाला लागले की करवत उसळून तोंडावर येते. खांद्याच्या वर धरून, एका हाताने, किंवा शिडीवर उभे राहून ती चालवू नये. कोयत्याची सवय असलेल्या हाताला ती सोपी वाटते, हाच धोका.

आणि तार. तारेजवळची फांदी ज्याने त्याने कापू नये, मग तार कितीही उंच असो. ओली फांदी वीज वाहून नेते. तारेला हात लावावाच लागतो असे नाही. महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या, त्यांचा माणूस प्रवाह बंद करून समोर उभा राहील तेव्हाच काम करा. अर्ज दिवाळीआधी गेला तर गाळप ऐन भरात येण्यापूर्वी काम उरकते.

झाड पाडायचेच असेल तर परवानगीचा भाग राहतो. गावाकडे १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड कायदा आहे. आंबा, चिंच, फणस, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन अशी झाडे त्याच्या अनुसूचीत येतात, स्वतःच्या बांधावरची असली तरी. शहरात १९७५ चा कायदा असून, २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा-वृक्ष मानले आहे. पनवेलच्या मुकादमाने परवानगीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाडालाच अडकवून ठेवला होता. येणारा-जाणारा प्रत्येकजण विचारायचा, आणि तो न बोलता पिशवीकडे बोट दाखवायचा.